कोस्टारिकात पक्षी पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात रंगीत, दुर्मीळ पक्षी पाहायला कुठे जावं असं कोणी विचारलं की मी कोस्टारिकाचं नाव घेतो, आणि मग पुढचे प्रश्न सुरू होतात. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून, न्यू जर्सीहून. प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्हिसा, लसी आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ते अधिकृत ठिकाणी स्वतः तपासा.

१. जगात एवढे देश असताना कोस्टारिकाच का?

तिथे थोड्या अंतरात खूप काही बदलतं म्हणून. देशाचं क्षेत्रफळ सुमारे ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा, आणि पक्ष्यांच्या जाती नऊशेहून जास्त. अख्ख्या भारताची यादी साडेतेराशेच्या आसपास आहे. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन, मध्ये ३,८२० मीटरपर्यंत चढलेले डोंगर. सकाळी थंडीने हात चोळत पक्षी पाहावेत आणि त्याच संध्याकाळी समुद्राच्या काठी घाम पुसत दुसरेच पक्षी पाहावेत, असा हा देश आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिका जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीत असल्यामुळे दोन्हीकडच्या जाती इथे भेटतात. सप्टेंबर ते एप्रिल या काळात उत्तरेचे स्थलांतरित पाहुणेही असतात.

कोलंबिया, पेरू, इक्वाडोर या देशांत जाती याहून कितीतरी जास्त आहेत. पण पहिल्या मोठ्या सहलीला कोस्टारिका बरा. रस्ते, राहायच्या जागा, जाणकार गाइड हे सगळं गावोगाव आहे. १९८० च्या दशकात तिथलं जंगल चौथाईच्या आसपास उरलं होतं. आज ते निम्म्याहून अधिक जमिनीवर आहे. जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे देण्याची सोय १९९६ च्या वनकायद्याने केली, आणि त्याचा परिणाम गाडीच्या खिडकीतूनही दिसतो.

२. आपल्या सह्याद्रीत रंगीत पक्षी काय कमी आहेत?

अजिबात नाहीत. नवरंग, स्वर्गीय नर्तक, हळद्या, धनेश हे ज्याने नीट पाहिले नाहीत त्याने आधी कोयना, आंबोली किंवा गोव्यातलं मोले गाठावं, पैसे वाचतील. क्वेट्झल हा कोस्टारिकाच्या डोंगरातला हिरव्या पाठीचा, लाल पोटाचा पक्षी ज्या ट्रोगन कुळातला, त्याच कुळातला मलबारी कर्णा आपल्या घाटात आहे. तो शोधायची सवय असलेल्याला क्वेट्झल लवकर सापडतो, कारण दोघेही तसेच ताठ आणि गप्प बसतात. मात्र हमिंगबर्ड, भल्यामोठ्या चोचीचा टूकान, लांब शेपटीचा मोठा पोपट मकाव आणि क्वेट्झल हे रानात पाहायचे असतील तर अमेरिका खंडातच जावं लागतं. त्याला दुसरा इलाज नाही.

३. मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

दोन्हींत निवडायचं तर मे. पॅसिफिककडचा कोरडा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. मेमध्ये पाऊस सुरू होतो, पण तो बहुधा दुपारनंतरचा असतो आणि पक्षी पाहायचे ते सकाळीच. शिवाय डोंगरात क्वेट्झलची वीण मार्च ते जून चालते. दिवाळीच्या सुमाराला, विशेषतः ऑक्टोबरात, पॅसिफिक बाजूला वर्षातला सर्वांत जोराचा पाऊस असतो. याला अपवाद कॅरिबियन किनाऱ्याचा. तिथे पाऊस वर्षभर असतो, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात थोडी उसंत मिळते. म्हणून दिवाळीतच जायचं असेल तर कॅरिबियन बाजू धरा आणि क्वेट्झलच्या आशा कमी ठेवा (प्रश्न ८).

तारखा आपल्या हातात असतील तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा मध्य. ईस्टरचा आठवडा मात्र टाळा. तेव्हा सगळा देशच सुट्टीवर निघतो.

४. किती दिवस लागतात, आणि कुठे कुठे राहायचं?

लोक आठ दिवसांत सात ठिकाणांची यादी पाठवतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: तीन ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री. ठिकाणं निवडताना नकाशावरच्या अंतरापेक्षा समुद्रसपाटीपासूनची उंची पाहा. एकाच उंचीवरची दोन जंगलं पाहिली तर पक्षी बरेचसे तेच दिसतात.

माझी आवडती वाटणी अशी. उंचावर सान हेरार्दो दे दोता, सुमारे २,२०० मीटर. सखल, दमट भागात साराप्पिकी, जिथे ला सेल्वा हे जुनं संशोधन केंद्र आहे. आणि पॅसिफिक किनाऱ्याजवळ काराराचं राष्ट्रीय उद्यान व तार्कोलेस नदी. तिन्ही ठिकाणं राजधानी सान होसेपासून साधारण दोन-अडीच तासांवर आहेत. दिवस जास्त असतील तर माँटेवेर्दे जोडा. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाहून आलेल्या क्वेकर कुटुंबांनी ही वस्ती वसवली, आणि तिथलं ढगांचं जंगल १९७२ पासून राखीव आहे. गर्दी असते, पण तीन लोळ्यांचा बेलबर्ड हवा असेल तर मार्च ते जूनमध्ये तिथेच जा. तांबूस अंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या या नराच्या चोचीच्या बुडाशी तीन लांब दोरे लोंबतात आणि आवाज अर्ध्या किलोमीटरच्याही पलीकडून येतो. ऐकू येतो लगेच, दिसायला मात्र अर्धा दिवस घेतो.

५. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? विमान कसं?

लागतो. पण अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा पासपोर्टवर असेल तर वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेशाची सोय आहे. तिच्या अटी, विशेषतः व्हिसाची उरलेली मुदत, नीट वाचा. कोस्टारिकाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतोच. युरोपमार्गे जाताना काही विमानतळांवर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. पनामामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर आधी प्रश्न १८ वाचा.

६. क्वेट्झल नक्की दिसेल का?

खात्री देणाऱ्याकडे बुकिंग करू नका. मार्च-एप्रिलमध्ये सान हेरार्दोला तीन पहाटा दिल्यात तर दिसण्याची शक्यता फार चांगली आहे, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

बहुतेक जण पक्षी शोधतात, तिथेच गडबड होते. झाड शोधा. क्वेट्झलचं बरंचसं आयुष्य ‘आग्वाकातीयो’ या रानटी ॲव्होकॅडोभोवती फिरतं. हा पक्षी फळाकडे झेपावतो, उडता उडता ते तोडतो, अख्खं गिळतो आणि मग जवळच्या फांदीवर बराच वेळ हलतही नाही. गर पचला की बी तोंडावाटे टाकून देतो. म्हणजे फळांनी लगडलेलं झाड सापडलं की पक्ष्यामागे धावायचं काही कारण उरत नाही. तो तिथे पुन्हा पुन्हा येतो. आपल्याकडे उंबर पिकला की हरियाल, तांबट, धनेश तिथेच हजेरी लावतात, तसंच हे.

सान हेरार्दोच्या गावकऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. या आठवड्यात कोणत्या वळणावरचं झाड फळावर आहे, हे तिथला गाइड आदल्या संध्याकाळी चौकशी करून ठेवतो. काही शेतकरी आपल्या जमिनीतलं झाड दाखवायचे थोडे पैसे घेतात. द्यावेत. झाड उभं राहायला तेच कारण आहे. गावात विचारताना ‘केत्साल’ म्हणा, लगेच कळतं.

पहाटे साडेपाचला झाडाखाली हजर राहा आणि निदान तास-दीड तास हलू नका. दहा मिनिटांत ‘इथे काही नाही’ म्हणून पुढे गेलेली माणसं आणि त्यांच्या पाठोपाठ फांदीवर येऊन बसलेला नर, हे दृश्य तिथे रोजचं आहे.

७. ते झाड आपण स्वतः कसं ओळखायचं?

ते दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातलं आहे. अनेक जातींची पानं चुरगळली तर वास येतो. फळं लहान, गर्द हिरवी ते काळपट, आणि कित्येक जातींत देठाकडे लालसर वाटी असते. पण सगळ्यांत सोपी खूण जमिनीवर असते. झाडाखाली गर निघालेल्या स्वच्छ, ताज्या बिया विखुरलेल्या दिसल्या, तर वर कोणीतरी जेवून गेलं आहे किंवा अजून बसलेलं आहे. तिथून थोडं मागे सरका आणि मधल्या उंचीच्या आडव्या, मोकळ्या फांद्या एकेक करून दुर्बिणीने तपासा.

८. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो, क्वेट्झल दिसला पण लांब शेपूट नव्हती. मादी होती का?

छाती-पोट लालभडक आणि डोक्यावर गोलसर तुरा असेल तर तो नरच. त्याचं अंग जेमतेम ३६ ते ४० सेंटीमीटर असतं. शेपटीवरून लोंबणारी हिरवी पिसं आणखी ६५ सेंटीमीटरपर्यंत वाढतात. वीण संपली की ही पिसं गळतात आणि पुढच्या हंगामापर्यंत नवी येतात. अंडी उबवायला नरही बसतो. ढोलीत बसल्यावर त्या पिसांची टोकं बाहेर डोकावतात. एवढं सोसल्यावर ती विरलेली असणारच.

सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी अडचण म्हणजे पक्षी जागा बदलतात. माँटेवेर्देचे क्वेट्झल वीण झाल्यावर फळांच्या मागे डोंगराच्या खालच्या उतारांवर उतरतात आणि वर्षाच्या सुरुवातीला परततात. सान हेरार्दोत ते जवळपास वर्षभर सापडतात, पण संख्या फळांवर अवलंबून असते.

९. लाल मकाव कुठे हमखास दिसतो?

तार्कोलेस नदीच्या आसपास आणि दक्षिणेकडच्या ओसा द्वीपकल्पात. हमखास हा शब्द मी इथे खुशाल वापरतो. तार्कोलेसजवळ त्यांचं वेळापत्रक ठरलेलं आहे: पहाटे खारफुटीतून काराराच्या जंगलाकडे, संध्याकाळी परत. जोडीजोडीने उडतात, कर्कश ओरडतात. न दिसणं अवघड.

इथेही झाडाचाच मुद्दा. किनाऱ्यावर मकाव ज्या झाडाची फळं फोडत बसतो, ते झाड आपल्या ओळखीचं आहे: शाळेच्या आवारात, कोकणातल्या अंगणात असतो तो देशी बदाम. ते मूळ आपल्या बाजूचं, तिकडे लावलेलं. किनारी गावात ते दिसलं की मान वर करा. खाली फोडलेल्या बदामांचा सडा पडला असेल तर पक्षी वरच आहेत.

हिरवा मोठा मकाव ही वेगळी गोष्ट. तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. उत्तरेकडच्या सखल जंगलात, बोका तापादा आणि साराप्पिकी भागात तो दिसतो. ‘अल्मेंद्रो’ नावाच्या उंच, कठीण लाकडाच्या वृक्षावर तो खातो आणि त्याच्याच ढोलीत घरटं करतो. लाकडासाठी हे वृक्ष तुटले तसे मकावही हटले. लाल मकावासाठी एक संध्याकाळ पुरते. याच्यासाठी दोन-तीन दिवस ठेवा.

१०. हमिंगबर्ड म्हणजे आपला शिंजीरच ना?

नाही. दोघेही चमकदार, चिमुकले आणि फुलांतला मध पिणारे, म्हणून घोटाळा होतो. शिंजीर हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला. हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबतो, मागेही उडतो. जगात त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, सगळ्या अमेरिका खंडात. कोस्टारिकात पन्नासेक. उंच डोंगरावरचा व्होल्कॅनो हमिंगबर्ड जेमतेम साडेसात सेंटीमीटरचा असतो.

साखरपाण्याच्या भांड्यांवर, म्हणजे फीडरवर, ते ढिगाने येतात. त्यात मजा आहेच. पण एक सकाळ फुलांच्या कुंपणाशी काढा. जांभळ्या पोर्टरवीडवर लहान चोचीच्या जाती येतात. हेलिकोनियाच्या झुडपात लांब, वाकड्या चोचीचा हर्मिट एका फुलावरून दुसऱ्यावर ठरलेली फेरी मारतो. फेरी कळली की पुढच्या फुलावर कॅमेरा रोखून बसता येतं.

११. फोटोत गळा झगमगता असतो, आम्हाला तर काळाच दिसला. असं का?

तो रंग रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेचा आहे. प्रकाश विशिष्ट कोनातून परतला तरच दिसतो. सूर्य आपल्या पाठीशी आणि पक्षी आपल्याकडे तोंड करून, अशी गाठ पडली की काळा गळा एकदम पेटतो. क्वेट्झलचा हिरवाही असाच. ढगाळ सकाळी ओल्या पानांत तो इतका मिसळतो की समोर असून दिसत नाही. ट्रोगन तर बऱ्याचदा हिरवी पाठ आपल्याकडे करून बसतात. म्हणून रंग शोधत बसू नका. सरळ उभी, लोंबत्या शेपटीची आकृती शोधा.

१२. दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×४२?

जंगलासाठी ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: आठपटीत डोळ्यापर्यंत सव्वापाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाश येतो, दहापटीत ४.२. झाडांखालच्या अंधारात हा फरक जाणवतो. शिवाय आठपटीत हात कमी हलतो आणि दिसणारा भाग रुंद असतो. पाणी आत न जाणारी घ्या. लांबच्या झाडावरच्या क्वेट्झलसाठी गाइडकडे बहुतेक वेळा ट्रायपॉडवरचा स्कोप असतो.

१३. कॅमेऱ्याला किती मोठी लेन्स हवी?

चारशे मिलिमीटर पुरते. फीडरजवळ तर लहानही चालते. खरा शत्रू दमटपणा. एसी खोलीतून थेट बाहेर आलात की भिंगावर वाफ धरते आणि वीस मिनिटं गेली. कॅमेरा रात्री खोलीच्या थंड भागात न ठेवता पिशवीत सिलिका जेलसह ठेवा. घरट्यावर फ्लॅश मारू नका आणि गाइडला ‘अजून थोडं जवळ’ म्हणून गळ घालू नका. ड्रोन घरीच ठेवा, राष्ट्रीय उद्यानांत त्यांना बंदी आहे.

१४. गाइड घ्यायलाच हवा का? महाग पडतो.

पडतो, डॉलरमध्ये. तरी प्रत्येक नव्या ठिकाणी पहिली सकाळ गाइडबरोबर काढा. त्याने दाखवलेली झाडं आणि वाटा पुढचे दिवस तुमच्या कामी येतात. कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात गाइडशिवाय प्रवेशच मिळत नाही. बऱ्याच उद्यानांची तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात, आणि काही आठवड्यातून एक दिवस बंद असतात, उदाहरणार्थ मान्वेल आंतोनियो मंगळवारी. दोन आठवड्यांत गाइडबरोबर तीनशेच्या आसपास जाती होऊ शकतात. एकट्याने त्याच्या निम्म्या झाल्या तरी चांगलं म्हणायचं.

१५. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप आहे, मग आवाज वाजवून पक्षी बोलावता येईल ना?

ॲप ऐकायला आणि ओळखायला वापरा. जाण्याआधी कोस्टारिकाचा पॅक वायफायवर उतरवून घ्या, कारण जंगलात नेटवर्क नसतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या ठिकाणच्या मागच्या आठवड्याच्या नोंदीही पाहून ठेवा. आवाज वाजवून बोलावणं मात्र टाळा. विणीच्या काळात नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो. एका सहलीत एकदा वाजवल्याने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी त्या वाटेवरून दिवसात किती गट जातात तेही मोजावं.

मानाकिनसारख्या पक्ष्यांसाठी तर त्याची गरजही नाही. त्यांची नाचायची जागा ठरलेली असते. लांब शेपटीच्या मानाकिनचे दोन नर मिळून एका मादीपुढे आळीपाळीने उड्या मारतात, आणि विणीचा लाभ बहुतेक वेळा मोठ्यालाच होतो. धाकटा वर्षानुवर्षं उमेदवारी करतो.

१६. आईबाबा सत्तरीचे आहेत, फार चालवत नाही. त्यांना न्यावं का?

जरूर न्या. पक्षी पाहणाऱ्या लॉजचे व्हरांडे याच कामासाठी असतात. केळी-पपईच्या फोडी ठेवलेल्या ठिकाणी टॅनेजर, टूकान आणि अरकारी खुर्चीतून दिसतात. काराराची एक वाट सपाट आणि चाकाच्या खुर्चीसाठीही योग्य आहे. सान हेरार्दोला मात्र पहाटे कडक थंडी असते, आणि तिथे जाणारा महामार्ग ३,३०० मीटरहून उंच खिंडीपर्यंत चढतो; कळसूबाईच्या दुप्पट. श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि खिंडीत जास्त वेळ न थांबता जा.

१७. शाकाहारी जेवण मिळतं?

मिळतं. नाश्त्याला गायो पिंतो, म्हणजे भात आणि काळा घेवडा परतलेला. दुपारी कासादो: भात, घेवडा, कोशिंबीर, तळलेलं पिकलं केळं. आठव्या दिवशी कंटाळा येतो, लोणचं-चटणी जवळ ठेवा. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं सांगा: मांस, कोंबडी, मासे नको. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर काही ठिकाणी मासे वाढतात. घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. कडक पाळणाऱ्यांनी ‘मान्तेका’ आहे का ते विचारावं.

१८. लसी, साप, डास यांचं काय?

डेंग्यू आहे, तेव्हा पूर्ण बाह्या आणि मलम. सखल जंगलात तेर्सिओपेलो हा विषारी साप आहे. रात्री टॉर्चशिवाय चालू नका, कठड्याला न पाहता हात लावू नका. लॉज रबरी बूट देतात, ते घाला.

लोक अडकतात ते पिवळ्या तापाच्या दाखल्यात. सहलीला इक्वाडोर, कोलंबिया किंवा पेरू जोडलात, किंवा तिथून विमान बदललंत, तर हा दाखला दोनदा विचारला जाऊ शकतो: कोस्टारिकात शिरताना आणि भारतात परतताना. पनामाही भारताच्या यादीत आहे, तेव्हा तिथून आलात तरी भारतात परतताना तो विचारला जाऊ शकतो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि दाखला आयुष्यभर चालतो. दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. केंद्रांवर ठरावीक वारीच लस मिळते, म्हणून महिनाभर आधी फोन करा.

१९. गाडी स्वतः चालवावी का?

सवय असेल तर हो. स्टीअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडून. भारतीय लायसन्स पर्यटकाच्या मुक्कामापुरतं चालतं. ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यात स्थानिक सक्तीचा विमा बहुधा नसतो आणि तो काउंटरवर चांगलाच बोचतो, आधी विचारा. सान हेरार्दोची शेवटची उतरण तीव्र आहे, तिथे फोर-बाय-फोर बरी. दिवस सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगरात धुकं उतरतं, तेव्हा प्रवास दुपारी संपवा. तार्कोलेसच्या पुलावर मगरी पाहायला उतरताना बॅगा गाडीत दिसतील अशा ठेवू नका.

२०. आम्ही अमेरिकेत राहतो. थँक्सगिव्हिंगच्या चार-पाच दिवसांत होईल का?

एका जागेपुरतं होईल. नोव्हेंबरअखेर पॅसिफिककडचा पाऊस ओसरू लागलेला असतो, उत्तरेकडचे वॉर्बलर येऊन पोचलेले असतात (आणि तुमच्या अंगणातला बाल्टिमोर ओरिओल इथे पपई खाताना दिसेल). क्वेट्झलच्या हट्टापायी दोन दिवस गाडीत घालवण्यापेक्षा साराप्पिकीत मुक्काम करा: टूकान, मकाव, मानाकिन, हमिंगबर्ड सगळे एका परिसरात. मुलं बरोबर असतील तर हाच पर्याय.

२१. फीडरवर दिसलेला, बचाव केंद्रातला किंवा पुन्हा सोडलेला पक्षी आपण पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत धरायचा का?

फीडरवरचा रानटी पक्षी धरायचा. तो स्वतःच्या पंखांनी आला आहे. बचाव केंद्रात किंवा पिंजऱ्यात दिसलेला टूकान धरायचा नाही, मग फोटो कितीही सुरेख येवो. खरा पेच तिसऱ्याचा. निकोया द्वीपकल्पात पुंता इस्लिताजवळ दिसणारे लाल मकाव हे माणसाने वाढवून पुन्हा सोडलेल्यांपैकी किंवा त्यांची पिल्लं आहेत. तिथला मकाव ई-बर्डवर नोंदवा, ठिकाण अचूक लिहा. वैयक्तिक यादीसाठी मात्र काराराचा किंवा ओसाचा धरा. मी तसंच करतो, तुम्ही वेगळं ठरवलंत तरी भांडण नाही.

कबूतर आणि चिमणी विमानतळाबाहेरच भेटतील. ती माणसाने नेलेली. गायबगळा मात्र जुन्या जगातून स्वतः समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचलेला आहे, त्याला पूर्ण मान द्या. आणि देशाचा राष्ट्रीय पक्षी पाहायला कुठेही जावं लागत नाही. १९७७ पासून तो मान यिग्विरो या मातकट रंगाच्या थ्रशला आहे. सान होसेतल्या कोणत्याही बागेत असतो. एवढे रंगीत पक्षी सोडून त्यालाच का, तर पावसाच्या तोंडावर तो गातो आणि लोकांच्या अंगणात राहतो. मला ही निवड फार आवडते.

२२. जंगलात पडलेलं मकावचं पीस आठवण म्हणून आणलं तर?

आणू नका. लाल मकाव आणि क्वेट्झल दोन्ही साइट्स, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आहेत. पीस पडलेलं होतं की उपटलेलं, हे कस्टमच्या माणसाला सांगून पटत नाही. दुकानात पिसांचे दागिने विकत मिळाले तरी नियम बदलत नाही. फोटो काढा आणि पीस तिथेच राहू द्या. हाच नियम शिंपले, बिया आणि लाकडाच्या तुकड्यांना लावलात तर विमानतळावर वेळ वाचतो.